धुऱ्याची माती

नागपूर म्हटले की पुण्याच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, संत्री आणि ऊन. गेल्या जानेवारीत मी तिथे आठवड्याहून थोडा अधिक राहून आलो. ऊन कोवळे होते, आणि रोज संत्र्याच्या बागेत वावरूनही झाडाला लागलेले संत्रे काही पाहायला मिळाले नाही. परत आल्यापासून शेजारीपाजारी विचारतात, काय काय पाहिलेत? मी सांगतो, एक विहीर पाहिली. ते हसतात. पण मी खरोखरच एक विहीर पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली, आणि अजूनही निवांत बसलो की तीच डोळ्यांपुढे येते. निवांत बसणे तसेही मला फारसे जमत नाही.

जमिनीखालच्या पाण्याचा माग काढणे हा माझा व्यवसाय. काटोल रस्त्यावर, शहर संपून बागा सुरू होतात तिथे, गणपतराव नावाच्या एका बागाईतदाराच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येऊ लागला होता. तिकडचे आमचे अधिकारी आजारी, म्हणून मला पाठवण्यात आले. तेल कुठून येते, आणि ते पाणी बागेला देता येईल का, एवढेच सांगायचे होते. दोन-तीन दिवसांचे काम, असे मला वाटले. असे मला नेहमीच वाटते.

धरमपेठ

उतरलो होतो धरमपेठेत, वसंताकडे. वसंता माझा कॉलेजातला मित्र. प्राध्यापकी संपवून आता बागेतल्या गुलाबांची काळजी करतो. मी स्टेशनवरून रिक्षाने पोहोचलो तेव्हा तो फाटकातच उभा होता.

"काय बे, पुण्याच्या विहिरी संपल्या काय?" हे त्याचे स्वागत.

संध्याकाळी तो मला सावजी जेवणाला घेऊन गेला. मी नको म्हणायला हवे होते. पण यजमानाचे मन मोडणे मला कधी जमले नाही, आणि या न जमण्याला मी आजवर सौजन्य समजत आलो. रश्श्यावरचा लाल तवंग पाहूनच माझ्या कपाळाला घाम फुटला. वसंता शांतपणे भाकरी मोडत होता. "हे तर लहान पोरांसाठी करतात," तो म्हणाला. आमच्याकडे तिखट झाले की गूळ पुढे करतात. इथे मालकाने आणखी थोडी तर्री पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कशाचाच वास येईना. तेलाचा माग काढायला आलेला माणूस, आणि नाक पूर्ण बंद.

काटोल रस्ता

गणपतरावांची बाग रस्त्याला लागून, उतारावर आहे. वरच्या बाजूला, पश्चिमेला, मालवाहू ट्रकांचा तळ. तिथे जमिनीत डिझेलची टाकी पुरलेली. पूर्वेला जमीन पुन्हा जराशी चढते, तिथे धाकटे भाऊ केशवराव यांचे शेत. दोघांच्या मध्ये मातीचा बांध. त्याला इकडे धुरा म्हणतात.

गणपतराव साठीकडे झुकलेले, उंच, बोलण्यापेक्षा बघणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नी सिंधूताई मात्र मी रिक्षातून उतरायच्या आतच बोलू लागल्या. हातावर गूळ ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी संगं आणलं असन तर प्या जी. इथलं नका पिऊ. आम्ही दुरून आणून राहिलो."

बाग पाहून मी चरकलो. पाने पिवळी, काही गळलेली, उरलेली आत वळलेली. मला वाटले, तेलाने झाडे मारली. मी हळहळून तसे म्हणालोही. गणपतराव प्रथमच हसले.

"मेली नाई जी. ताणावर हायत."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाचे पाणी तोडतात. महिना, सव्वा महिना थेंब द्यायचा नाही. झाड पाणी मागत राहते, पाने टाकते. मग संक्रांतीनंतर पाणी सोडले की अंगभर फुलते. ताण पुरा होण्याआधी पाणी मिळाले तर फूल येत नाही, नुसती पालवी फुटते आणि वर्ष जाते. ताण लांबला तर फांद्या वाळतात. संक्रांत तोंडावर आली होती. सोडायला पाणी होते ते एवढेच, या विहिरीतले.

विहीर महिनाभर उपसलेली नव्हती. काठावरून वाकून पाहिले, तर पाण्यावर मोरपिसाच्या रंगांचा एक सुंदर पडदा तरंगत होता. सुंदर हा शब्द मनात आला याची मला लगेच लाज वाटली.

"कुठून आलं असावं, असं तुम्हाला वाटतं?" मी विचारले.

गणपतरावांनी पूर्वेकडे हनुवटी उडवली. धुऱ्यापलीकडे केशवरावांच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन दिसत होते. "थो धुते ते इंजिन. तेल वाट्टेल तिथं सांडते. मी ग्रामपंचायतीत चार लोकांसमोर सांगतलं, माह्या भावानं माही विहीर नासवली म्हणून. तवापासून बोलत नाई थो."

"अन् तुमी बोलता जसे," सिंधूताई आतून म्हणाल्या.

इतवारी

नमुने घ्यायला काचेच्या बुचाच्या बाटल्या हव्या होत्या. आणलेल्या प्रवासात फुटल्या. वसंता मला इतवारीत घेऊन गेला. हातगाड्यांतून अंग चोरत, भांड्यांच्या दुकानांचा खणखणाट ऐकत आम्ही एका अत्तरवाल्यापाशी पोहोचलो. त्याच्याकडे हव्या तशा बाटल्या होत्या.

"इतक्या बाटल्या कायले जी?" त्याने विचारले.

"पाणी भरायला."

त्याने वसंताकडे पाहिले. "भाऊ पुण्याचे काय? तिकडे पाणीबी अत्तरासारखं मोजून देतात म्हणे."

वसंताला हे इतके आवडले की त्याने घरी जाईपर्यंत ते तीनदा सांगितले. बाटल्यांना गुलाबाचा आणि वाळ्याचा वास होता. हे मला कळले नाही, कारण नाक अजून बंदच होते. वहिनींनी नाक मुरडले तेव्हा कळले. मग त्यांच्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह अडवून मी सोड्याच्या पाण्यात बाटल्या उकळत बसलो. रॉकेलसाठी त्या सकाळी रांगेत उभ्या राहिल्या होत्या, हेही मला नंतरच समजले.

गिरमिट

पुढचे दोन दिवस दोन मजूर घेऊन मी जमिनीत गिरमिटाने भोके पाडली. गिरमीट अडले तिथे खड्डे खणले. हे काम कंटाळवाणे दिसते, पण मला त्यात एक प्रकारची शांतता लाभते. हात मातीत असले की मन कमी भटकते. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडी मिसळलेला मुरूम, मग कातळ. पाणी चालते ते मुरुमातून. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते पाण्याच्या पाठीवर बसून चालते.

पश्चिमेकडच्या, म्हणजे ट्रकांच्या तळाकडच्या खड्ड्यांतला मुरूम निळसर राखाडी निघाला. धुऱ्याजवळच्या खड्ड्यांतून स्वच्छ काळी ढेकळे आली आणि कमरेइतक्या खोलीवरच कातळ लागला. माझ्या नाकावर माझा भरवसा नव्हता. मी सिंधूताईंना विनंती केली. त्यांनी पदर खोचला, एकेक मूठ हुंगली आणि निकाल दिला. "हे ट्रकासारखं वासते. हे मातीसारखं." मी ढिगांवर काठ्या रोवल्या, खराब मातीला लाल चिंधी, चांगल्या मातीला पांढरी. आणि सर्वांना बजावले की या मातीला हात लावू नका, कुठे टाकू नका.

तळावर जाऊन व्यवस्थापकालाही भेटलो. भला माणूस होता. चहा पाजला, टाकीत पट्टी बुडवून दाखवली आणि म्हणाला, "लीक वगैरे काही नाही साहेब. थोडंफार उडून जातं हवेत." जमिनीत पुरलेल्या टाकीतून हवेत काय उडणार, हे मला विचारायचे होते. पण त्याने दुसरा चहा मागवला, आणि मी तो प्यायलो.

खड्डे पश्चिमेकडे बोट दाखवत होते, हे उघड होते. पण पक्के सांगायचे तर विहीर उपसायला हवी होती. पाणी खाली गेले की बांधकामाच्या कोणत्या बाजूने तेल पाझरते ते डोळ्यांना दिसते. गणपतरावांनी संमती दिली, पण एका अटीवर.

"उपसलेलं पाणी बागेत जाऊ नाई. नाल्यावरच पोचलं पायजे. काटोलले माहा साळा हाय, त्याच्याजवळ पाइप हायत. मी उद्या बसनं जातो अन् घेऊन येतो. तोवर मोटर चालवू नका."

"नाही चालवणार," मी म्हणालो.

मोटर

ते सकाळच्या बसने गेले. दुपार झाली, ते आले नाहीत. वीज कधी येई, कधी जाई. मी बागेत फेऱ्या मारत होतो. घड्याळ बघत होतो, विहिरीत बघत होतो, पुन्हा घड्याळ. परतीचे आरक्षण परवाचे होते. तेवढ्यात मोटरच्या खोलीतला दिवा लागला. वीज आली होती, आणि ती किती वेळ टिकेल कोण जाणे.

मी मजुरांना म्हणालो, पाण्याचा पाट नाल्याकडे वळवा, बागेकडचे तोंड मातीने बुजवा. त्यांनी बुजवले. एकजण चाचरत म्हणाला, "मालक येऊ द्या नं साहेब." मी त्याला समजुतीच्या स्वरात म्हणालो की काळजी करू नकोस. माझा आवाज मऊ आहे. त्यामुळे मी घाई करतो आहे हे पुष्कळदा समोरच्याला कळत नाही, मलाही कळत नाही.

मोटर सुरू करून मी पायऱ्यांनी विहिरीत उतरलो. पाणी हळूहळू खाली जाऊ लागले. आणि मग पश्चिमेच्या दगडांच्या सांध्यांतून काळपट, तेलकट धार ओघळताना दिसली. एक, मग तिच्याशेजारी दुसरी. पूर्वेची भिंत कोरडी, स्वच्छ. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. केशवरावांचे इंजिन निर्दोष होते. मी खाली उभा राहून त्या धारांची चित्रे काढत राहिलो.

वरून सिंधूताईंचा आवाज आला. "भाऊ, मोटर बंद करा. बंद करा पह्यले."

वर आलो. पाटाच्या तोंडाशी लावलेली माती केव्हाच वाहून गेली होती. पाणी आपल्या नेहमीच्या वाटेने बागेत शिरले होते आणि रस्त्याकडच्या ओळीच्या आळ्यांत तुडुंब भरले होते. शेवटच्या आळ्यांवर तेच मोरपिशी रंग तरंगत होते. सिंधूताई फावड्याने माती ओढत होत्या, मजूर ओढत होते, मीही हातांनी ओढू लागलो. पण झाडे महिनाभर तहानलेली होती. पाणी आमच्या डोळ्यांदेखत जिरत गेले.

गणपतराव संध्याकाळी बसमधून पाइप उतरवून घेत होते तेव्हा मी रस्त्यावरच उभा होतो. मीच सांगितले. त्यांनी पाइप खाली ठेवले, त्या ओळीपाशी गेले, एका आळ्यात बोट खुपसून ओल किती खोल आहे ते पाहिले.

"या वळीचं साल गेलं," ते म्हणाले. मग फावडे घेतले आणि ओल शेजारच्या ओळीत जाऊ नये म्हणून मध्ये चर खणू लागले. मी फावडे मागितले, तर म्हणाले, "राहू द्या. तुमाले सवय नाई." ते मला एक शब्द जरी टाकून बोलले असते, तर रात्री झोप लागली असती.

पूर्वेची भिंत

सकाळी विहिरीत पुन्हा पाणी भरले होते, आणि त्यावरचा तेलाचा थर पहिल्यापेक्षा जाड होता. उपशामुळे आजूबाजूचे तेल आत ओढले गेले होते. आता मला जे सांगायचे होते ते मी काठावर बसून सांगितले. तेल तळाकडून येते आहे. भावाकडून नाही, त्याच्या आणि तुमच्या मध्ये धुऱ्याखाली कातळाची कड आहे, तिकडचे इकडे येत नाही, इकडचे तिकडे जात नाही. आणि हे पाणी बागेला देऊ नका.

"किती दिवस?"

"दिवस नाहीत. वर्षं."

"किती?"

"ते मला सांगता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. उद्या संक्रांत होती. तिकडे धुऱ्यापलीकडे केशवरावांची विहीर काठोकाठ होती, हे बोलून दाखवायची गरज नव्हती. तरी सिंधूताई बोलल्या.

"केशवभाऊले पाणी मागा नं."

"चार लोकांत बोललो मी त्याले. कोणत्या तोंडानं मागू वं?"

"एकच तोंड हाय तुमाले. त्याच तोंडानं मागा."

गणपतराव उठून गोठ्याकडे गेले.

मी केशवरावांकडे गेलो. कोणी पाठवले नव्हते. आदल्या दिवशी एवढे करून ठेवल्यावर गप्प बसायला हवे होते. पण ज्या अस्वस्थपणाने मोटर सुरू केली, तोच मला धुऱ्यावरून पलीकडे घेऊन गेला. केशवराव इंजिनाचा पट्टा काढत होते. भावासारखेच उंच, पण बोलके.

मी सांगितले, तेल तुमच्या इंजिनाचे नव्हे.

"हे मले कायले सांगता जी? मले तर माहीत होतं. ज्याले माहीत नाई त्याले सांगा."

"त्यांनाही सांगितलं."

"मग काय म्हणते?"

"काही नाही."

"त्याचं तसंच असते." त्यांनी पट्टा खांद्यावर टाकला. "बाग किती दिवस धरन अजून?"

"तीन-चार दिवस, असं म्हणतात."

"मागू द्या नं मग. पाणी हाय माह्याजवळ. मी नाई म्हटलं काय? पण मागू द्या. मी सहा महिने झाले त्या ग्रामपंचायतीपुढून जात नाई, मागच्या गल्लीनं जातो."

संक्रांत गेली. सिंधूताईंनी तिळगूळ दिला, वसंताच्या गच्चीवर पतंग उडाले. मी आरक्षण रद्द केले आणि रोज बागेत जात राहिलो, जरी माझे तिथे काही काम उरले नव्हते. ताणावरच्या झाडांचे शेंडे आता वाळायला लागले होते. एका फांदीला मी बोट लावले तर ती कडकन मोडली. इकडेतिकडे पाहून ती खिशात घातली.

त्यानंतरच्या सकाळी पोहोचलो तर पलीकडे इंजिन सुरू होते. मी रस्त्यावरच थांबलो. धुरा एका ठिकाणी हातभर रुंद फुटला होता, आणि तिथून स्वच्छ पाणी गणपतरावांच्या बागेत येत होते. फुटलेल्या जागेच्या कडा सरळ होत्या. पाण्याने धुरा फुटला की कडा अशा सरळ राहत नाहीत. गणपतराव फावड्याने ओळीओळीत पाणी वळवत होते, मान खाली घालून, फार भराभर. त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

दुपारी केशवराव धुऱ्यावर येऊन उभे राहिले. आवाज चढलेला होता.

"धुरा तुमच्या बाजूनं फुटला. दरसाल सांगतो माती टाका म्हणून. टाकत नाई. माहं पाणी चाललं वाया."

"करतो नं नीट," गणपतराव खाली बघून म्हणाले.

"कधी?"

"माती भेटली की करतो."

"माती तर ही काय पडली हाय." केशवरावांनी पायाशी बोट केले. तिथे माझ्या खड्ड्यांतली माती होती, धुऱ्याला लागूनच, फावड्याच्या अंतरावर. ढिगावर काठी होती आणि काठीवर पांढरी चिंधी फडफडत होती.

गणपतराव म्हणाले, "थ्या मातीले हात लावाचा नाई. साहेबानं बजावलं. डिझेल हाय तिच्यात." मग माझ्याकडे वळले. "काय जी साहेब?"

चुकीचे विधान ऐकले की ते दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. पांढरी चिंधी चांगल्या मातीची, ही गोष्ट त्यांच्यासमोर ठरली होती. काठी रोवायला त्यांनीच धरली होती. वाक्य माझ्या ओठांवर आले होते. सिंधूताई चहाची किटली घेऊन घरातून निघाल्या होत्या, त्या वाटेतच थांबल्या. मी ओठ मिटले.

केशवराव वाकले. ढिगातले एक ढेकूळ उचलून त्यांनी नाकाशी नेले, नीट हुंगले, पुन्हा हुंगले. मग ते होते त्याच जागी परत ठेवले.

"हो गा दादा," ते म्हणाले. "येते वास."

सिंधूताईंनी कप धुऱ्यावरच मांडले. चहा पिताना दोघे भाऊ ट्रकांच्या तळाबद्दल बोलत होते. तक्रार द्यायला कोणी कोणी जायचे, बस कितीची. माझ्याशी फारसे कोणी बोलले नाही. निघताना रस्त्याकडच्या त्या ओळीपाशी थांबलो. भिजलेल्या झाडांवर पोपटी पालवी फुटू लागली होती. सगळ्या बागेत तेवढाच हिरवा रंग होता, आणि कोणीही नवखा माणूस म्हणाला असता, हीच झाडे सर्वांत चांगली.

पुण्याला येऊन अहवाल लिहिला. तळाविरुद्ध तक्रारीला तो लागणार, म्हणून लिहिले ते खरेच लिहिले, प्रत्येक खड्ड्याची माती वेगवेगळी नोंदवून. गणपतरावांना त्याची प्रत द्यायला हवी. त्यांचा तो हक्क आहे. पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे. धुऱ्याजवळची माती स्वच्छ आहे असे सांगणारे पान मी दोनदा बाहेर काढले आणि दोनदा परत आत घातले. आज टपालाची वेळ टळून गेली. उद्या पाहू.